‘गॉन विथ द विंड’ हॉलमध्ये दाखवायचा असेल तर

१९३९ सालचा ‘गॉन विथ द विंड’ हल्ली बहुतेक जण मोबाइलवर नाहीतर बैठकीतल्या टीव्हीवर चार दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी बघतात आणि ‘लांबलेला जुना सिनेमा’ म्हणून बाजूला ठेवतात. हा त्या चित्रपटावर अन्याय आहे. अंधाऱ्या हॉलमध्ये, शे-दोनशे माणसांसोबत, मध्ये एकदा चहा घेऊन, एका बैठकीत बघायचा म्हणूनच तो बांधलेला आहे. नाशिकमध्ये असा खेळ लावणं मुळीच अवघड नाही. वाचनालयांची सभागृहं आहेत, शाळांचे हॉल आहेत, कालिदास आणि सायखेडकरसारखी नाट्यगृहं आहेत, आणि तीन तासांचं नाटक बसून बघणारा प्रेक्षक तर आहेच. बिघडतं ते तयारीत. म्हणून ही तयारी सविस्तर लिहिली आहे.

आधी वेळेचा हिशेब. मूळ चित्रपट सुमारे २२० मिनिटांचा. त्याच्या आधी पडदा उघडण्यापूर्वीचं संगीत, मध्यंतराचं संगीत, दुसऱ्या भागाची नांदी आणि लोक बाहेर पडतानाचं संगीत, हे सगळं धरलं की चार तासांना पाच-सात मिनिटं कमी. पहिला भाग पावणेदोन तासांच्या आतबाहेर संपतो, दुसरा सुमारे दोन तासांचा. मध्यंतर वीस मिनिटांपेक्षा कमी ठेवू नका, दोनशे माणसांना एका टेबलावर चहा द्यायला तेवढा वेळ लागतोच. दहा मिनिटांचं प्रास्ताविक धरून साडेचारला सुरू केलेला खेळ नऊच्या सुमारास संपतो, म्हणजे सिडको, सातपूर, नाशिकरोडकडे जाणाऱ्यांना घरी पोचायला उशीर होत नाही. नाट्यगृहाची सत्रं नाटकाच्या हिशेबाने आखलेली असतात. साडेचार तास त्यात बसतात का, हे तारीख घेतानाच विचारावं. खेळ जाहीर असेल तर घरगुती वापराची डिस्क पुरत नाही, हक्कधारकांची लेखी परवानगी लागते, आणि ते काम सगळ्यात आधी सुरू करावं.

खिडक्यांचा हॉल असेल तर साडेचारची वेळ धोक्याची. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सातपर्यंत उजेड रेंगाळतो. पहिल्या भागातले निम्मे प्रसंग गडद आहेत, आणि खिडकीच्या फटीतून आलेली एक पट्टी ते सगळे करडे करून टाकते. काळं कापड खिडकीच्या चौकटीवर नुसतं लटकवून भागत नाही, चारही कडांना चिकटपट्टी लावावी लागते. व्हेंटिलेटर विसरू नका. बाहेर पडण्याच्या दारावरचा दिवा मात्र झाकायचा नाही.

आता चित्राचा आकार, कारण सगळ्यात जास्त खून इथे होतात. या चित्रपटाचं चित्र जवळजवळ चौकोनी आहे, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचे प्रोजेक्टर आणि टीव्ही १६:९ चे. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येणारच, त्या यायलाच हव्यात. हॉलमधला कुणीतरी उत्साही माणूस ‘पडदा पूर्ण भरत नाही’ म्हणून रिमोटवरचं ‘फुल’ किंवा ‘झूम’ दाबतो. ‘फुल’ने माणसं आडवी जाड होतात. ‘झूम’ने वरचं आणि खालचं चित्र कापलं जातं, कपाळं आणि घागऱ्यांचे घेर जातात, टाराच्या, म्हणजे नायिकेच्या घराच्या, पायऱ्या जातात. हे पाप नवीन नाही. १९६७ साली स्टुडिओनेच हा चित्रपट ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी फुगवला आणि वर-खाली कापला. त्यासाठी सुरुवातीच्या नावातली ती पडदाभर सरकत जाणारी मोठी अक्षरंसुद्धा काढून साधी, स्थिर अक्षरं घातली. १९९८च्या पुनर्प्रदर्शनात मूळ आकार परत आला. तेव्हा प्रोजेक्टरवर ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ ठेवा आणि रिमोट खिशात ठेवा.

मापं अशी. पडदा १२ फूट रुंद असेल तर १६:९ प्रमाणात त्याची उंची पावणेसात फूट. त्या उंचीला १.३७ चं चित्र सव्वानऊ फूट रुंद येतं. उरलेले पावणेतीन फूट दोन्ही बाजूंना सारखे वाटले तर प्रत्येकी साधारण सोळा इंच. प्रोजेक्टरचं काळं खरं काळं नसतं, करडं असतं, म्हणून या सोळा-सोळा इंचांवर काळं मखमली कापड सोडावं. साटीन नको, ते चमकतं. नाट्यगृहात हे काम आयतं होतं: रंगमंचाच्या काळ्या विंगा आत ओढून चित्राच्या कडेला टेकवल्या की झालं. एवढ्या एका गोष्टीने चित्र भिंतीवरचं न वाटता पडद्यावरचं वाटू लागतं.

पडदा भाड्याने मिळतो, पण बऱ्याचदा सुरकुतलेला मिळतो. त्यापेक्षा मेन रोडच्या कापडाच्या दुकानातून जाड पांढरं ब्लॅकआउट अस्तर घ्यावं, पण जोड येणार नाही एवढ्या पन्ह्याचं. जोड नेमका नायिकेच्या चेहऱ्यावर येतो. वर आणि खाली पाइप घालून ताणलं की सुरकुती राहत नाही. जाहिरातीचा फ्लेक्स उलटा करून लावण्याची पद्धत आहे, ती या चित्रपटाला चालणार नाही, कारण फ्लेक्स चकाकतो आणि मधोमध उजेडाचा गोळा दिसत राहतो. सपाट जमिनीच्या हॉलमध्ये पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट वर हवी आणि खुर्च्यांच्या रांगा एकाआड एक सरकवलेल्या हव्यात, नाहीतर मागच्यांना उपशीर्षकांऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात.

प्रोजेक्टर किती शक्तीचा? पडद्याचं क्षेत्रफळ १२ गुणिले पावणेसात म्हणजे ८१ चौरस फूट. सिनेमागृहाचा नेहमीचा मापदंड दर चौरस फुटाला १६ ल्युमेन, म्हणजे जेमतेम १३०० ल्युमेन पडद्यावर पोचले पाहिजेत. (बाजूच्या पट्ट्यांवर पडणारा उजेड वाया जातो, म्हणून हिशेब पूर्ण पडद्याचा करायचा.) खोक्यावर लिहिलेला आकडा ‘डायनॅमिक’ मोडचा असतो. रंग नीट ठेवणाऱ्या ‘सिनेमा’ मोडमध्ये त्याचा निम्मा उरतो असं धरून चाला. म्हणजे ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर अंधाऱ्या हॉलमध्ये पुरेसा. भाड्याने घेताना मात्र नुसते ल्युमेन विचारू नका. ऑफिसातल्या सादरीकरणासाठीचे एक-चिपचे डीएलपी प्रोजेक्टर पांढरा उजेड भरपूर देतात, रंगीत उजेड कमी, त्यामुळे लाल आणि हिरवा मळकट दिसतो. तीन एलसीडी पॅनेलचा प्रोजेक्टर मिळाला तर तोच घ्या. हा चित्रपट रंगाचा आहे.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते कळलं की कोणती प्रत घ्यायची हेही कळतं. टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन कृष्णधवल फिल्म चालत. भिंगातून आलेला उजेड प्रिझमने दोन वाटांना फुटे. एका वाटेवर हिरव्याची नोंद होई. दुसऱ्या वाटेवर दोन फिल्म एकमेकींना चिकटून धावत, पुढची निळ्याची, तिच्यातून आरपार गेलेल्या उजेडावर मागची तांबड्याची. नंतर या तीन नोंदींवरून तीन ठसे बनवत आणि पिवळा, किरमिजी, निळसर असे तीन रंग एकाच कोऱ्या फिल्मवर एकामागून एक छापत. कापडावर ठशांची छपाई बघितलेल्या माणसाला हे लगेच समजेल: ठसा केसभर सरकला की कडेला रंगाची झालर दिसते. नेमकं तेच पुढे झालं. तीन निगेटिव्ह साठ वर्षांत वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्या, एकमेकींवर नीट बसेनात, आणि जुन्या व्हिडिओ प्रतींमध्ये चेहऱ्यांच्या कडा फिसकटलेल्या दिसू लागल्या. २००४च्या डीव्हीडीसाठी वॉर्नरने तिन्ही नोंदी संगणकावर पुन्हा तंतोतंत जुळवल्या. २००९ साली सत्तर वर्षांनिमित्त आलेली ब्लू-रे त्याच्याही पुढची. घ्यायची तर हीच, किंवा तिच्यानंतरची. २००४च्या संचात चित्रपट मध्यंतराला तोडून दोन डिस्कवर दिला आहे, तीही सोय वाईट नाही. मात्र त्याआधीची कोणतीही प्रत हॉलमध्ये लावू नये.

खेळाच्या आधी एक तालीम करा आणि चार प्रसंगांवर प्रोजेक्टर लावून घ्या. अटलांटातल्या मदतनिधीच्या जत्रेत नायिका स्कार्लेट नवऱ्याच्या सुतकाच्या काळ्या पोशाखात नाचते. तिच्या काळ्या कापडातल्या चुण्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. तो एकसंध काळा डाग दिसत असेल तर ब्राइटनेस एक-दोन घरं वाढवा. तिची नणंद मेलनी हिच्या बाळंतपणाचा प्रसंग जवळजवळ सावल्यांचाच आहे, झडपांतून येणाऱ्या तांबूस उजेडावर काळ्या आकृत्या. त्या आकृत्या करड्या धुरकट दिसल्या तर हॉलमध्ये कुठून तरी उजेड येतोय. घरातल्या खिडकीच्या पडद्यांच्या हिरव्या मखमलीचा शिवलेला पोशाख (वॉल्टर प्लंकेटचं काम, मूळ पोशाख ऑस्टिनच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये जपलेला आहे) शेवाळासारखा गडद दिसायला हवा. पोपटी दिसला तर कलर मोड ‘व्हिव्हिड’वर आहे. आणि चौथा प्रसंग रेल्वे स्थानकाच्या आवारातल्या जखमींचा. तिथे स्कार्लेट चालत जाते, कॅमेरा उंच उंच जातो, आणि शेकडो जखमी पसरलेले दिसतात. सुमारे ८०० माणसं आणि जवळपास तेवढेच पुतळे मिळून ते मैदान भरलं होतं, आणि नेहमीची क्रेन पुरेना म्हणून बांधकामाची क्रेन आणली होती. हा प्रसंग धक्के खात वर जात असेल तर लॅपटॉप ६० हर्ट्झवर चालतोय. चोवीस चित्रं साठांत सारखी बसत नाहीत, एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दाखवलं जातं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन २४ किंवा २३.९७६ करा. याउलट तो प्रसंग लोण्यासारखा घसरत असेल तर चित्रं मध्ये घुसवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू आहे, ती बंद करा. शार्पनेस शून्यावर, नॉइज रिडक्शन बंद. पडद्यावर दिसणारे बारीक कण फिल्मचे आहेत, ते राहू द्यायचे.

आवाज मूळचा एकसुरी, म्हणजे मोनो. डिस्कवर पुढे बनवलेला पाच दिशांचा आवाजही मिळतो, पण हॉलच्या भिंतींवरच्या भोंग्यांतून तो काढला की संवाद पाठीमागून ऐकू येतात. मोनो निवडा, दोनच स्पीकर पडद्याच्या अगदी जवळ ठेवा, थोडे आत वळवून. मॅक्स स्टायनरचं संगीत अडीच तासांहून अधिक वेळ वाजतं, संवादांच्या खालीसुद्धा. हॉल घुमत असेल तर खालचे सूर कमी केल्याशिवाय शब्द सुटे होत नाहीत. मागच्या भिंतीला सतरंज्या टांगल्या तरी बराच फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये पंख्यांची घरघर विचारात घ्या, आणि नवरात्राच्या नऊ दिवसांत गावठाणात खेळ ठेवूच नका.

मराठी उपशीर्षकं तयार करणं हे सगळ्यात कष्टाचं काम, आणि सगळ्यात आनंदाचंही. फाइल एसआरटी, एन्कोडिंग यूटीएफ-८. दुसरं काही निवडलं की पडद्यावर चौकटी उमटतात. जोडाक्षरं तुटली तर प्लेअरमधला फॉन्ट बदलून नोटो सॅन्स देवनागरी किंवा मंगल करा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीसेक अक्षरं, आणि चौकोनी चित्राच्या आतच, कारण काळ्या कापडावर गेलेली अक्षरं दिसणार नाहीत. एक मोठा घोळ वेगाचा असतो. युरोपीय पद्धतीची पाल डीव्हीडी सेकंदाला २५ चित्रांनी धावते, ब्लू-रे २३.९७६ ने. २२० मिनिटांचा चित्रपट पालवर २११ मिनिटांत संपतो. एकीसाठी केलेली उपशीर्षकं दुसरीवर लावली तर सुरुवात जुळते आणि शेवटी नऊ मिनिटांची तफावत पडते. मागे-पुढे सरकवून हे सुटत नाही, फाइलच्या सगळ्या वेळांना १.०४२७ ने गुणावं किंवा भागावं लागतं. सबटायटल एडिट या संगणक-प्रणालीत ‘चेंज फ्रेम रेट’ म्हणून तेवढ्यासाठीच सोय आहे. पालवर स्वरसुद्धा अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी चढतो, तयार कानाला ते टोचतं.

भाषांतराबद्दल दोन ठाम मतं. पहिलं, सर्वनामांचं. नायक रेट आणि स्कार्लेट लग्नाआधी एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणोत, लग्नानंतर दोघंही ‘तू’. एकोणिसाव्या शतकातलं घर म्हणून तिच्या तोंडी ‘अहो’ घातलं की ती स्कार्लेट राहत नाही. मेलनी मात्र सगळ्यांशी मऊ बोलते, तिचं ‘तुम्ही’ शेवटपर्यंत टिकवावं, म्हणजे मरणशय्येवर ती स्कार्लेटला ‘तू’ म्हणते तेव्हा ते ऐकू येतं. दुसरं मत जास्त महत्त्वाचं. मॅमी, प्रिसी, पोर्क या घरातल्या गुलामांचं इंग्रजी मोडकं दाखवलं आहे म्हणून त्यांना मराठीत गावंढळ बोली देऊ नका. त्याने हॉलमध्ये हशा पिकेल आणि तो हशा चुकीच्या माणसांवर असेल. साधी, सरळ मराठी द्या. रेटच्या शेवटच्या वाक्याला ‘मला फरक पडत नाही’ फार फिकं पडतं. ‘मला त्याचं काडीचंही सोयरसुतक नाही’ हे जवळचं, आणि ते दोन ओळींत न तोडता एका ओळीत आलं पाहिजे.

प्रास्ताविक दहा मिनिटांचं, पण त्याशिवाय खेळ करू नये. प्रेक्षकाला अमेरिकेचं यादवी युद्ध माहीत असेलच असं नाही. एवढं पुरे: एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५, उत्तर विरुद्ध दक्षिण, मुळाशी गुलामगिरी. चित्रपटात जखमींच्या आणि मृतांच्या याद्या वाचल्या जातात ती लढाई गेटिसबर्गची, १ ते ३ जुलै १८६३. अटलांटा २ सप्टेंबर १८६४ रोजी पडलं. इथे एक गैरसमज दूर करून टाकावा. रेट घोडागाडी हाकत ज्या आगीतून निघतो ती उत्तरेच्या शर्मनने लावलेली नव्हे. माघार घेणाऱ्या दक्षिणेच्याच सेनापती हूडने आदल्या रात्री आपला दारूगोळा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून पेटवला होता. शर्मनने शहर जाळलं ते नोव्हेंबरात, समुद्राकडे कूच करण्यापूर्वी.

आणि कापूस. रेट बटलर नाकेबंदी फोडून माल नेणारा-आणणारा म्हणून पैसे कमावतो, हे संवादात चटकन निघून जातं, पण नाशिककराने तिथे थांबावं. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. खानदेशचा कापूस आग्रा रोडने, नाशिकवरून, थळ घाटाकडे उतरत होता. घाटातून रेल्वे पूर्ण झाली ती १८६५च्या सुरुवातीला, म्हणजे युद्ध संपायला काही महिने उरले असताना. मग एप्रिलमध्ये दक्षिणेने शरणागती पत्करली, भाव कोसळले आणि मुंबईत शेअरांचा फुगा फुटून भलेभले बुडाले. पडद्यावर ओस पडलेला टाराचा मळा दिसतो तेव्हा त्याच कापसाची ही दुसरी बाजू आपल्या दारावरून गेली होती, हे प्रेक्षकाला माहीत असायला हवं.

गुलामगिरीबद्दल गुळमुळीत बोलू नये. चित्रपटाची सुरुवातच गेलेल्या दक्षिणेबद्दलच्या हळहळीने होते, सरदारांचा आणि कापसाच्या शेतांचा देश वगैरे. त्या शेतांत राबणाऱ्यांचं दुःख कुठे दिसत नाही. दिसतात ते मालकावर जीव टाकणारे नोकर. निर्माता डेव्हिड सेल्झनिकने कादंबरीतला सगळ्यात अपमानकारक शब्द पटकथेतून काढला, काळ्यांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेचं नावही घेतलं नाही, पण तिची रात्रीची स्वारी ‘राजकीय सभा’ म्हणून तशीच ठेवली. २०२० साली एचबीओ मॅक्सने चित्रपट काही दिवस काढून घेतला आणि अभ्यासक जॅकलिन स्ट्यूअर्ट यांचं प्रास्ताविक जोडून परत ठेवला. ते योग्यच झालं. मराठी प्रास्ताविकासाठी तर आपल्याकडे फार जवळचा धागा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. म्हणजे ज्या युद्धातल्या पराभवाबद्दल हा चित्रपट उसासे टाकतो, त्या युद्धाचा शेवट पुण्यात बसलेल्या माणसाला अभिनंदनाचा वाटला होता. आणि मार्गारेट मिचेलची कादंबरी जून १९३६ मध्ये आली, तेव्हा काळाराम मंदिराच्या दारातला १९३०चा सत्याग्रह आणि येवल्याची ऑक्टोबर १९३५ची घोषणा ताजी होती. नाशिकमध्ये बसून मॅमीकडे बघताना हे आठवणारच, ते आठवू द्यावं.

मॅमीच्या भूमिकेतल्या हॅटी मॅकडॅनिअलबद्दल मात्र वेळ काढून सांगा. अटलांटात १५ डिसेंबर १९३९ला झालेल्या पहिल्या खेळाला तिला जाता आलं नाही, कारण जॉर्जियात काळ्यांना गोऱ्यांसोबत बसण्याची बंदी. २९ फेब्रुवारी १९४० रोजी तिला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय, आणि त्या समारंभातही तिचं टेबल वेगळं, भिंतीकडेला. चित्रपटात स्कार्लेटला खरं बोलून दाखवणारी तीच आहे. जिन्यावरून मेलनीसोबत चढत ती घरात काय घडलं ते सांगत जाते, तो प्रसंग अभिनय शिकणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा बघावा.

प्रास्ताविकात हमखास येणाऱ्या दोन चुका टाळा. हा पहिला रंगीत चित्रपट नाही. तीन-पट्टी टेक्निकलरमधला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘बेकी शार्प’, १९३५चा. आणि रेटच्या शेवटच्या वाक्यातल्या ‘डॅम’ या शिवीवजा शब्दासाठी निर्मात्याने ५००० डॉलर दंड भरला ही कथा खोटी. नोव्हेंबर १९३९ मध्येच नियम बदलून तसा शब्द मोजक्या ठिकाणी वापरायला मोकळीक दिली होती.

आगीचा प्रसंग चित्रीकरणात सगळ्यात आधी झाला, १० डिसेंबर १९३८च्या रात्री, नायिका अजून ठरलेली नसताना. कल्व्हर सिटीतल्या मोकळ्या आवारात जुने सेट उभे होते, ‘किंग काँग’मधली ती थोरली भिंतसुद्धा. ते नाहीतरी हटवायचेच होते, म्हणून त्यांना अटलांटाचे मुखवटे चढवून पेटवून दिलं. सात टेक्निकलर कॅमेरे लावले, पुन्हा संधी नव्हती. आखणी विल्यम कॅमेरॉन मेंझिसची. त्याने अख्खा चित्रपट आधी चित्रांत काढून ठेवला होता, म्हणून पुढे दिग्दर्शक बदलत राहिले, कुकर गेला, फ्लेमिंग आला, फ्लेमिंग थकला तेव्हा सॅम वूड आला, तरी चित्रपट एका हातचा वाटतो. नाशिकला आग पडद्यावर आणण्याचं हे काम परकं नाही. दादासाहेब फाळक्यांचं १९१७चं ‘लंकादहन’ इथल्याच कारखान्यातलं, आणि त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके होते. छप्परं, आकाश, झाडं काचेवर रंगवून खऱ्या चित्रात मिसळायची जी कारागिरी जॅक कॉसग्रोव्हने इथे केली, तिचं मूळ फाळक्यांच्या करामतींच्या पिढीतच आहे. टारा म्हणजे नुसता दर्शनी भाग होता, मागे घर नव्हतंच. बारा ओकांच्या हवेलीचं छत रंगवलेलं आहे. दुसऱ्यांदा बघणाऱ्यांनी कुंपणं आणि ढग यांच्या सीमेवर नजर ठेवावी.

खेळाच्या दिवशी पडदा उघडण्यापूर्वीचं संगीत सुरू होईल तेव्हा हॉलचे दिवे निम्मे ठेवा, चित्र नसतं म्हणून कुणी ‘बंद पडलं’ ओरडेल, त्याला आधीच सांगून ठेवा. संगीत संपता संपता पूर्ण अंधार. पहिला भाग स्कार्लेट उजाड शेतात मूठ आवळून उभी राहते तिथे संपतो. कॅमेरा मागे जाऊन पडदा काळा होईपर्यंत दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चहावाल्यालाही दार उघडू देऊ नका. दुसऱ्या भागाची नांदी वाजू लागली की लोक आपोआप खुर्च्यांकडे वळतात, घंटा लागत नाही. एक यूपीएस प्रोजेक्टरला आणि लॅपटॉपला हवाच. वीज एक क्षण गेली तरी दिव्याचा प्रोजेक्टर गार होऊन पुन्हा पेटायला काही मिनिटं घेतो, आणि ती मिनिटं नेमकी शेवटच्या जिन्यावर येऊ शकतात. लॅपटॉपचे अपडेट, सूचना, स्क्रीनसेव्हर बंद. शेवटचं नाव गेल्यावर बाहेर पडतानाचं संगीत डिस्कवर आहे, ते पूर्ण वाजू द्या आणि दिवे हळूहळू, मागच्या रांगेपासून लावत पुढे या.